हिमायतनगरातला लंडनचा फोन

लंडनचा फोन हिमायतनगरात वाजला तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते आणि प्रियदर्शिनीचे दोन्ही हात मनगटापर्यंत चिंचेच्या कोळात होते. तिचा नवरा विक्रम केस कापायला नारायणगुड्याला गेला होता. घरात उरली साडेतीन वर्षांची रेवा. ती स्टुलावर चढली आणि तिनं रिसीव्हर उचलला.

फोन साधा नव्हता. विक्रमचा मावसभाऊ समीर लंडनला असतो. दिवाळीत येताना त्यानं एक डबी आणली होती. ती इंटरनेटला जोडली की लंडनचा नंबर थेट यांच्या हॉलमध्ये वाजायचा. जगातल्या सगळ्या भिंती आता पडल्या, असं विक्रम त्या डबीकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायचा.

एक भिंत मात्र उभी होती. इंग्लंडातल्या घोड्यांवर घरबसल्या पैसे लावून घेणारी जी कंपनी त्याला पसंत पडली होती, ती भारतात राहणाऱ्यांचं खातंच उघडत नव्हती. परदेशी मोटारी आल्या, पिझ्झे आले, वीस तऱ्हेचे शांपू आले. घोडे तेवढे सीमेवर अडले. मलकपेटला घरापासून रिक्षाच्या अंतरावर घोडे पळत होते, पण ते विक्रमला गावठी वाटायचे.

मग खातं समीरच्या नावानं उघडलं. पत्ता समीरचा, नंबर डबीचा, बुद्धी विक्रमची. आता शनिवारी लंडनच्या अकरा वाजता कंपनीचं माणूस फोन करून खात्री करून घेणार होतं, की खातेदार खरोखर लंडनमध्येच राहतो. अकरा म्हणजे आपले साडेचार, हा हिशेब विक्रमला थंडीभर शर्यती बघून पाठ झाला होता. एकदा खात्री पटली की सोमवारी रेवाच्या नावाची मुदत ठेव मोडायची आणि घोड्यांवर लावायची.

ती ठेव शाळेच्या प्रवेशासाठी होती. नुसता फॉर्म मिळवायला प्रियदर्शिनी पहाटे पाचपासून रांगेत उभी राहिली होती. पण रांगा लावणं ही जुन्या जमान्याची सवय, असं विक्रमचं म्हणणं. त्यानं चार महिने वहीत खोटे पैसे लावून पाहिले होते आणि वहीत तो एकदाही हरला नव्हता. हरलेलं पान तो फाडून टाकायचा.

प्रियदर्शिनीनं आधी समजावून पाहिलं, मग रडून पाहिलं. विक्रमनं दोन्ही वेळा तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कायकू परेशान होतेस, प्रिया? यातलं तुला काय कळतं?"

प्रियदर्शिनी बी.एस्सी. होती, गणितात पहिली आलेली. तिनं मान डोलावली, विषय सोडला आणि रेवाच्या मागे लागली. पोर गर्दीत हरवेल ही तिची जुनी धास्ती. एकदा बेगम बाजारात मिरचीच्या पोत्यांमागे रेवा सात मिनिटं दिसेनाशी झाली होती, तेव्हापासून तिला घरचा पत्ता पाठ करवणं चालू होतं. दूध पिताना पत्ता, वेणी घालताना पत्ता. फोनवर कुणी प्रेमानं विचारलं तरी नीट ताठ उभं राहून पत्ता सांगायचा, अशी या आठवड्यात भर पडली. पोरीला पोस्टमन करणार आहेस का, म्हणून विक्रम हसायचा, आणि हॉलमध्ये जाऊन 'दिस इज समीर स्पीकिंग' घोकत बसायचा. एका घरात दोन पाठांतरं चालली होती. एक पत्ता सांगण्याचं, एक लपवण्याचं.

"हॅलो," रेवा म्हणाली. थोडा वेळ तिनं ऐकून घेतलं. "समीरकाका इज इन लंडन." मग पलीकडून काहीतरी लाडानं विचारलं गेलं असावं, कारण रेवा स्टुलावर एकदम ताठ झाली.

"माय नेम इज रेवा हदगावकर. थ्री डॅश सिक्स डॅश टू नाइन्टी, हिमायतनगर, हैदराबाद, आंध्र प्रदेश, इंडिया."

शेवटचा शब्द तिनं सगळ्यांत मोठ्यानं म्हटला. मग आत येऊन सांगितलं, की बाई थँक्यू म्हणाली. प्रियदर्शिनीनं चटणीसाठी काढलेल्या गुळातला मोठा खडा तिच्या तोंडात घातला.

साडेचारला विक्रम नुकत्याच कापलेल्या केसांवर पाणी मारून, टाय बांधून फोनसमोर बसला. टाय दिसत नसला तरी आवाजात येतो म्हणे. पाच वाजले, सहा वाजले. साडेसहाला मेल आला. कंपनीनं मोठ्या अदबीनं कळवलं होतं, की ठरल्या वेळी झालेल्या फोनवरून आपण भारतात राहता असं दिसतं, तिथं आमची सेवा उपलब्ध नाही, सबब खातं कायमचं बंद केलं आहे. तसदीबद्दल क्षमस्व.

विक्रमनं समीरला फोन लावला. ठेवला तेव्हा त्याचा टाय सैल झाला होता.

"उन्हाळा आला म्हणून तिकडं घड्याळ तासभर पुढे करतात म्हणे. गेल्या रविवारीच केलं. तिथले अकरा म्हणजे आता आपले साडेतीन." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"यातलं मला काय कळतं?" प्रियदर्शिनी म्हणाली, आणि फोनखालचं स्टूल उचलून परत स्वयंपाकघरात घेऊन गेली.

गेल्या रविवारी समीरची बायको स्वाती तिच्याशी बोलताना कुरकुरली होती, की मेलं घड्याळ पुढे केलं नि तासभर झोप गेली. बेगम बाजारात हरवलेल्या पोरीला घरनंबर आणि मोहल्ला एवढं पुरतं. त्या रविवारपर्यंत रेवाचा पत्ता हिमायतनगरलाच संपत होता.