लांब दांड्याचा पाना

आजारी आईला भेटायला केतकी सिल्वासाहून नाशिकला निघायची, नेमका त्याच सकाळी गाडीचा एक टायर बसलेला असायचा. "नरोलीचा रस्ता म्हणजे कारखान्यांचे खिळेच खिळे. पुढच्या रविवारी जा गं," तिचा नवरा हृषीकेश म्हणायचा.

शेवटी तिनं गाडीच्या सामानाचं दुकान गाठलं. "बेन, लांब दांड्याचा पाना घ्या. हात पुरला नाही, तर पायानं दाबा," दुकानदार म्हणाला. तिनं तो घेतला, जॅक घेतला आणि संध्याकाळी नवऱ्यादेखत स्टेपनी चढवून दाखवली.

"वा, बाईसाहेब! आता कोण अडवणार तुम्हाला?" हृषीकेशनं टाळ्या वाजवल्या.


रविवारी सकाळी चारही टायर बसलेले होते.