स्टँडवर नसलेलं आडनाव

मिठागरात राबणाऱ्या पणजोबांनी मिठावरूनच घेतलेलं ‘शिओबे’ आडनाव अख्ख्या जपानात दोघांचंच उरलं होतं, गेन्झोंचं आणि त्यांच्या लेकीचं. कुठल्याही गावी गेले, की ते दुकानातला, सहीऐवजी उमटवायच्या आडनावांच्या तयार शिक्क्यांचा स्टँड फिरवून आपलं आडनाव शोधत. कधी मिळालं नाही. आज लग्नाच्या नोंदणीआधी लेकीनं तशाच एका स्टँडवर होणाऱ्या नवऱ्याचं आडनाव शोधलं आणि ती ओरडलीच, “बाबा, कोबायाशी पहिल्याच रांगेत! आता कोरून घ्यायची कटकट नको.” “चैन आहे बाई तुझी!” ते हसले. कचेरीत साक्षीदार म्हणून त्यांनी अर्जावर आपला लाकडी शिक्का दाबला, दाबूनच धरला. “उमटला हो, आजोबा,” कारकून म्हणाला. बाहेर लेकीनं आपला जुना शिक्का त्यांच्या तळहातावर ठेवला. “तुमच्याकडेच असू दे. मला आता कुठे लागणार?” परतीच्या बसमध्ये खिशात दोन शिक्के वाजत होते. शिओबे मात्र एकच.