तीस वर्षं टिकणारी टेप

"सगळं निघंल ना त्यातून? मागं काय राह्यचं न्हाई ना?" महारुद्रनं दुकानात पुन्हा विचारलं.

पंकजाला हसू आलं. गेल्या साली साधा माऊस मागितला तर दिवाळीपर्यंत थांब म्हणणारा बाप आज दहावीतल्या पोरीला सेलूला घेऊन आला होता आणि तू सांगशील तेच घेऊ म्हणत होता. घरचा कॉम्प्युटर चांगला चालत होता. तरी त्यातल्या सगळ्याची कॉपी काढून ठेवायचं बाबांनीच ठरवलं. बाबा एवढे हुशार कधी झाले, म्हणून तिनं देवगाव फाट्यापासून त्यांना चिडवलं होतं.

पेनड्राईव्ह हरवतो, तो तिनं नको म्हटला. दुकानदार ओमप्रकाशनं गंमत म्हणून कपाटातनं एक काळी टेप काढली. दिसायला कॅसेटसारखी. मोठ्या ऑफिसात वापरतात, तीस वर्षं टिकते, म्हणाला.

"हीच दे," महारुद्र म्हणाला.

पंकजानं समजावलं, हिला वेगळं मशीन लागतं, ते आपल्या ट्रॅक्टरएवढ्याला पडंल. "आन् तीस वर्षं कशाला, बाबा? मी हाय ना. दर दोन सालाला नवी कॉपी काढून देत जाईन."

महारुद्र रस्त्याकडं बघत राहिला.

"घे तुला पटंल ते," तो म्हणाला.

तिनं रबरी कव्हरची हार्ड डिस्क घेतली. पडली तरी फुटायची नाही अशी.

घरी आईनं आधी फोटो घ्यायला लावले. पंकजाचं बारसं, शाळेचा पहिला दिवस, गॅदरिंगचा नाच. एकुलत्या लेकीचे फोटो बघताना सविता उगीच पदरानं स्क्रीन पुसायची. शेवटी पंकजानं आपला 'डिप्लोमा' नावाचा फोल्डर टाकला. दहावी झाली की परभणीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा, हे तिचं कधीच ठरलं होतं.

मग बाबांच्या सांगण्यावरून तिनं कॉम्प्युटर कोरा केला. आता हा नुसता पळणार, ती म्हणाली. हार्ड डिस्क आईनं आपल्या पेटीत, साड्यांच्या तळाशी ठेवली.

रविवारी वालूरचे पाहुणे आले. आईनं तिला आपली साडी नेसवली आणि चहा न्यायला सांगितलं. ट्रे घेऊन ती बैठकीच्या दारात पोचली, तेव्हा बाबा पाहुण्यांना सांगत होते, "आंदणात कॉम्प्युटर बी पोरीसंगट येईल. पार मोकळा हाय. तिच्याच हातानं करून घेतलाय."