पुसलेल्या आवाजाची जागा

स्मृतिकोशाची डिस्क भरत का चालली आहे, याचा तो कोश सांभाळणाऱ्या हेमांगीला उलगडा होईना. मृत माणसाचा तिथे साठवलेला आवाज वर्षभर घरच्यांशी फोनवर बोलत असे आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी पुसला जाई. पुसण्याचे काम चोख झाले होते. जागा मात्र सुटण्याऐवजी घटतच होती. आज वारलेल्यांचे आवाज ठेवायलाही ती उरली नव्हती.

कारण सापडले, तेव्हा तिचे कुतूहल अधिकच चाळवले. पुसलेला आवाजदेखील, त्याच्याशी चालू असलेला फोन कोणी ठेवत नाही तोवर, डिस्कवर टिकून राहतो आणि वाक्यागणिक वाढतो. वाईच्या वामनराव जोगळेकरांनी पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तिला लावलेला फोन अजून ठेवलाच नव्हता.

हेमांगी त्या संभाषणात शिरली.

"वामनराव, फोन ठेवावा लागेल. आज वारलेल्यांना जागा नाही."

"ठेवला की ही गेली! नाही ठेवणार."

"अहो," दिवंगत सुमतीबाईंचा आवाज आला, "बसमध्ये कोणी उभं दिसलं की तुम्ही लगेच उठता. मग इथंच का अडून बसलात?"

पलीकडे वामनरावांची खुर्ची करकरली.

"बरं. पण आमटीत गूळ केव्हा घालायचा, ते पुन्हा सांग."

"शंभरदा सांगितलं. चिंचेनंतर, उकळी आली की."

"आणि किती?"

"आता तुम्हीच चाखून बघा."

फोन ठेवल्याचा आवाज आला. डिस्कवर जागा सुटली आणि क्षणात तिथे नवा आवाज येऊन बसला. कुणाची तरी आई विचारत होती, "जेवलास का रे?"