देवरावभाऊंचा पासवर्ड

गडचिरोलीतल्या एका संस्थेच्या ऑफिसात नवाकोरा कॉम्प्युटर आला, पण पत्रं काढायचं सॉफ्टवेअर त्यात टाकलं ते जुनंच. ते बनवणारी कंपनी कधीचीच बंद पडलेली, त्यामुळं त्यात नव्या माणसाचं नाव घालून देणारं कुणी उरलं नव्हतं. मग तिथल्या कारकून दिव्यानीनं नऊ वर्षांचा आपला शिरस्ता पुढं चालू ठेवला. रिटायर होऊन धानाच्या बांधीत रमलेल्या देवरावभाऊंच्या नावानं, त्यांच्याच पासवर्डनं ते उघडायचं आणि मान मोडेस्तोवर पत्रं काढायची.

परवा चंद्रपूरच्या मुख्य ऑफिसातून कागद आला. दिव्यानीच्या नावावर नऊ वर्षांत एकही पत्र दिसत नाही, तर तिला कामावर का ठेवावं, याचा खुलासा करा.

"काऊन वो बाई, मंग नऊ वर्ष तू इथी काय करून राह्यली होती?" शेजारच्या टेबलावरच्या राजदीपभाऊंनी चिडवलं.

"देवरावभाऊची नोकरी करून राह्यली होती, भाऊ."

तिला हसूही आलं नाही. तिनं कीबोर्ड पुढं ओढला आणि त्याच सॉफ्टवेअरात एका दमात खुलासा लिहिला, की या ऑफिसातून नऊ वर्षांत गेलेलं एकूण एक पत्र मीच, माझ्या हातानं तयार केलेलं आहे. मग सही करायला तिनं प्रिंटरमधून कागद काढला.

 

तळाशी नेहमीची ओळ छापून आली होती : 'पत्र तयार करणारे – देवराव.'