आपणहून

त्या छोट्याशा प्रकाशनाच्या दोनच खोल्या. पुढच्या खोलीत कथा-कादंबऱ्या, मागच्या खोलीत गाण्याबजावण्यातल्या माणसांच्या आठवणी. इकडचा कागद तिकडे गेलेला प्रकाशकाला मुळीच खपत नसे. "कल्पनेतलं पुढे, घडलेलं मागे," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बजावायचा.

व्हायोलिनवाल्या काकांच्या आठवणी उद्या छापायला जायच्या होत्या. काकांना आताशा नीट दिसत नसे, म्हणून प्रुफं काकूंनी वाचली आणि आज त्याच ती घेऊन आल्या. प्रकाशक पानं चाळायला लागला आणि चाटच पडला. ऱ्हस्व-दीर्घ तर होतंच, पण कोणत्या मैफलीत कोणतं गाणं कुठल्या पट्टीत झालं, तेही काकूंनी बारीक पेन्सिलीने जिथल्या तिथे सुधारलं होतं.

"काकू, कान भलताच तयार आहे हो तुमचा! गात होतात की काय?"

काकू नुसत्या हसल्या. मग पिशवीतून त्यांनी वेगळं ठेवलेलं एक पान काढलं. "हे तेवढं पेन्सिलीने सुधारण्यासारखं नव्हतं."

पानावर एकही खूण नव्हती. प्रकाशकाने वाचलं : 'लग्नानंतर हिने आपणहून गाणं सोडलं. मी पुष्कळ आग्रह केला, पण ऐकेचना.'

"यात काय चुकलंय, काकू?"

"लिहिलंय छानच," काकू शांतपणे म्हणाल्या. "फक्त खोली चुकलीय. हे पुढच्या खोलीत ठेवा."