डावी सीट

या बाप्पाहो, जवळ सरकून बसा, एक गोष्ट सांगतो.

खुशालरावांची गाडी दिसायला उंचीपुरी, पण इंजिन हजार सीसीचं. एसी चालू असला की ओव्हरटेक करताना तिचा दम तुटायचा. म्हणून त्यांनी "गोदे, एसी!" म्हटलं की शेजारी बसलेल्या गोदाबाई पटकन बटन बंद करायच्या, अन् गाडी मोकळा श्वास घेऊन सुटायची.

"स्टेरिंग तुमच्या हातात हाय, पण गाडी ओढणारी मीच," असं त्या वीस वेळा ऐकवायच्या.

आज कौंडण्यपूरच्या रस्त्यावर पुढे कापसानं फुगलेला ट्रक होता. खुशालरावांनी गाडी उजवीकडे काढली. "गोदे, एसी!" अॅक्सिलरेटर तळाला टेकला, तरी गाडी जोर धरेना. ट्रक मागे पडेना. समोरून एसटी दिवे मारत आली.

"झोपली का वं?" म्हणत त्यांनी मान वळवली.

डाव्या सीटवर, पट्ट्यानं नीट बांधलेला, गोदाबाईंच्या अस्थींचा कलश होता. एसी चालूच होता.

माउली, आज देवापुढं हात जोडाल तेव्हा गोदाबाईंना आठवा. आता दोघांनाही आठवा.